सपाट तळवा आणि पोटरीचा दम

प्रश्न : मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. वय ३४. माझे तळवे लहानपणापासून सपाट. ओल्या पायानं चाललं की फरशीवर अख्खा ठसा उठतो. ड्युटी संपत आली की पोटऱ्या इतक्या भरून येतात की परतीच्या एसटीत बसायला जागा मिळाली नाही तर रडू येतं. माझ्याच वॉर्डात माझ्याइतकंच राबणाऱ्या मैत्रिणीला एवढा त्रास नाही. तिच्या पायाला छान कमान आहे. भावाला सैन्यभरतीत सपाट पायावरूनच बाद केलं होतं, त्यामुळे घरात सगळे म्हणतात, तुमचे पायच कमजोर. सपाट तळव्याच्या माणसाची पोटरी खरंच लवकर दमते का? आणि तळव्याचा पोटरीशी संबंध तरी काय?

उत्तर : ताई, संबंध अगदी थेट आहे, पण घरचे म्हणतात तसा नाही.

तळवा आणि पोटरी कुठे जोडलेली आहेत ते आधी स्वतःच्या हातानं पाहा. खुर्चीवर बसा, एक पाय दुसऱ्या गुडघ्यावर टाका, आतल्या बाजूच्या घोट्याच्या हाडामागे दोन बोटं ठेवा आणि पाऊल खाली दाबत आत वळवा. बोटांखाली एक कंडरा ताठ होईल. ती टिबिआलिस पोस्टेरिअर या स्नायूची. हा स्नायू पोटरीत सगळ्यांत खोल, नडगीच्या मागे दडलेला असतो. त्याची कंडरा घोट्यामागून वळसा घेऊन पावलाच्या आतल्या कडेला उतरते आणि मुख्यतः नॅव्हिक्युलर नावाच्या हाडाला चिकटते. हे हाड म्हणजे कमानीचा माथा. तळव्यातले छोटे स्नायू, अस्थिबंध आणि टाचेपासून बोटांपर्यंत गेलेला प्लांटार फॅशियाचा जाड पट्टा हेही कमानीचा भार घेतात. पण चालताना दर पावलाला कमान सावरण्याची मोठी जबाबदारी वरच्या या स्नायूवर असते.

पावलाला दोन उलट कामं करावी लागतात. टाच टेकली की त्यानं सैल पडून धक्का पचवायचा आणि पुढच्याच क्षणी ताठ होऊन शरीर पुढे ढकलायचं. हा ताठरपणा येतो कुठून, यावर २०२० साली येल विद्यापीठातले मधुसूदन वेंकडेसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्ये सुंदर काम प्रसिद्ध केलं. आपण सगळे लांबीची कमान बघतो. त्यांनी आडव्या कमानीकडे लक्ष वेधलं. पातळ पोळी एका कडेला धरली तर लोंबते, तीच कड हातात जराशी पन्हळीसारखी वळवली की पोळी समोर ताठ राहते. पावलाच्या लांबीतल्या ताठरपणात ४० टक्क्यांहून अधिक वाटा या आडव्या वळणाचा असतो, असं त्यांना आढळलं. मला या शोधाचं महत्त्व यासाठी वाटतं की, आतल्या बाजूची कमान खाली दिसली म्हणजे पाऊल निकामी, असा हिशेब त्यानंतर करता येत नाही.

आता तुमच्यासारख्या तळव्यात काय होतं ते सांगते. भार पडला की कमान खाली बसते, टाच थोडी बाहेर कलते आणि पावलाच्या मधले सांधे सैल राहतात. पुढचं पाऊल टाकण्यासाठी चवड्यावर जोर द्यायची वेळ आली की हे सांधे घट्ट व्हायला हवेत. ते उशिरा होतात किंवा अर्धवट होतात, आणि पोटरीनं लावलेल्या जोराचा काही भाग पाऊल मधेच वाकण्यात जातो. तेवढाच जोर जमिनीला लावायला मग पोटरीला जास्त राबावं लागतं. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००९ मध्ये चालताना स्नायूंतले विद्युत संकेत मोजले, तेव्हा सपाट तळव्याच्या लोकांत टिबिआलिस पोस्टेरिअर जास्त काम करताना दिसला. एका पावलाला हा फरक जाणवणारही नाही. पण अमेरिकेत ३६ रुग्णालयांत केलेल्या आणि २००८ मध्ये छापलेल्या पाहणीत दहा तासांच्या दिवसपाळीत परिचारिका दीड ते आठ किलोमीटर चालतात असं दिसलं. मधला आकडा जवळपास पाच किलोमीटर. आपल्याकडे एका सिस्टरकडे किती खाटा असतात ते तुम्हीच जाणता, आणि मावशी-मामांची पायपीट वेगळीच. एवढ्या पावलांवर तो बारीक फरक साचत जातो.

चालणं मात्र पोटरीचा निम्माच ताण. उरलेला ताण नुसत्या उभं राहण्याचा. आपण उभे असतो तेव्हा शरीराचा भार घोट्याच्या किंचित पुढे पडतो, म्हणजे शरीर सतत पुढे कलत असतं. त्याला मागून धरून ठेवतो तो सोलिअस, पोटरीच्या वरच्या फुगीर स्नायूखालचा चपटा स्नायू. त्यात सावकाश आकसणारे, लवकर न थकणारे तंतू बहुसंख्य असतात. तो बनलाच आहे तासन्‌तास टिकण्यासाठी. शिवाय आकसताना तो पायातल्या खोल शिरा पिळून रक्त वर ढकलतो. नुसतं उभं असताना घोट्यापाशी शिरांतला दाब पाऱ्याच्या ८०-९० मिलिमीटरपर्यंत असतो. चालू लागलं की निरोगी माणसात तो तिसऱ्या हिश्श्यावर येतो. ऑपरेशन थिएटरमध्ये चार तास एका जागी उभं राहिलेल्या सिस्टरचे पाय वॉर्डभर फिरणाऱ्या सिस्टरपेक्षा जास्त भरून येतात, ते यामुळेच. संध्याकाळी पायमोज्यांचे वळ उमटतात तेही या दाबानं पायात साचलेल्या पाण्यामुळे.

इथवर वाचून तुम्ही म्हणाल, मग घरचे बरोबरच म्हणतात की. नाही. कारण हा रस्ता दोन्ही बाजूंनी चालतो. २००८ मध्ये २१ निरोगी तरुणांच्या तळव्यातले छोटे स्नायू मुद्दाम दमवून पाहिले, तेव्हा उभं राहिल्यावर नॅव्हिक्युलर हाड जितकं खाली बसतं ते अंतर सरासरी १० मिलिमीटरवरून ११.८ मिलिमीटरवर गेलं. म्हणजे सपाट तळवा स्नायूंना दमवतो तसे दमलेले स्नायूही तळवा सपाट करतात. सकाळच्या आणि ड्युटीनंतरच्या पावलात थोडा फरक पडतो तो असा. तळव्याची हाडं आपण बदलू शकत नाही. स्नायूंचा दम वाढवू शकतो, आणि त्यानं कमानीलाही आधार मिळतो.

सैन्यभरतीचं म्हणाल, तर सपाट तळव्याचं भय सैन्यांनीच पसरवलं आणि ते कमी करणारा अभ्यासही सैनिकांवरच झाला. दुसऱ्या महायुद्धात कॅनडाच्या सैन्यातल्या साडेतीन हजारांहून अधिक जवानांची पावलं हॅरिस आणि बीथ या डॉक्टरांनी तपासली. त्यांचा १९४७चा अहवाल आजही वाचावा असा आहे. लवचीक सपाट तळवा एरवी त्रास देत नाही. त्याच्या जोडीला टाचेची कंडरा आखूड असेल तर देतो, हे त्यांनी दाखवून दिलं. पुढे अमेरिकेत फोर्ट बेनिंगला प्रशिक्षण घेणाऱ्या २४६ जवानांवर अभ्यास झाला, तो १९९३ मध्ये छापला गेला. त्यात सगळ्यांत सपाट तळवे असलेल्या पाचव्या हिश्श्याला दुखापती सर्वांत कमी झाल्या. उंच कमानीवाले जास्त जायबंदी झाले. तुमच्या भावाला हे जरूर वाचून दाखवा.

म्हणून तळव्याचा ठसा बाजूला ठेवा आणि पोटरीचा दम मोजा. त्याला साधनं काही लागत नाहीत. सुट्टीच्या दिवशी, पाय ताजे असताना, अनवाणी भिंतीसमोर उभं राहा. खांद्याच्या उंचीवर फक्त बोटांची टोकं भिंतीला लावा, तोलापुरती. भार भिंतीवर टाकायचा नाही. एक पाय उचला. दुसरा गुडघा सरळ ठेवून टाच होईल तेवढी वर न्या आणि खाली आणा, दोन सेकंदांत एकदा. घरच्या कोणाला तरी मागे बसवून टाचेकडे बघायला सांगा. बघायच्या खुणा अशा : टाच वर जाताना किंचित आत वळली पाहिजे, आणि आतल्या बाजूला एरवी नसलेली कमान उमटली पाहिजे. ती उमटली म्हणजे तुमचा तळवा लवचीक आहे आणि टिबिआलिस पोस्टेरिअर शाबूत आहे. पुढे पंधराव्या-सोळाव्या वेळेला बहुतेकांची लबाडी सुरू होते. गुडघा वाकतो, कंबर पुढे झुकते, बोटांच्या टोकांऐवजी अख्खा पंजा भिंतीवर येतो, टाच पहिल्या उंचीच्या निम्मीही उठत नाही. तिथे मोजणं थांबवायचं. मग दुसरा पाय.

जॅकलिन पेरी आणि ब्रेंडा लन्सफर्ड यांनी १९९५ मध्ये २०३ निरोगी माणसांवर ही चाचणी घेऊन २५ वेळा ही प्रमाण मर्यादा सुचवली. वयानुसार आकडा उतरतो आणि बायकांचा पुरुषांपेक्षा थोडा कमी येतो, म्हणून २० आले तर घाबरू नका. दोन पायांत मोठा फरक असेल किंवा आकडा दहाच्या घरात असेल, तर तुमच्या दुखण्याचं कारण तिथे आहे, आणि ते दूर करता येतं. मैत्रिणीलाही करायला लावा. तिची कमान उंच असल्यामुळे ती टिकते की तिची पोटरी पस्तीस वेळा टाच उचलते म्हणून, हे तुम्हा दोघींनाच कळेल.

दम वाढवायला हेच काम सावकाश करायचं. आठवड्यातून तीन दिवस, दोन्ही पायांवर, दोन्ही टाचांमध्ये लहान मुलांचा रबरी चेंडू दाबून धरून. चेंडू पडू द्यायचा नाही म्हटलं की टाचा आपोआप आत वळतात आणि टिबिआलिस पोस्टेरिअर कामाला लागतो. तीन अंक मोजत वर, तीन अंक मोजत खाली. दमेपर्यंत तीन वेळा, मधे मिनिट-दोन मिनिटं विसावा. एक फेरी गुडघे थोडे वाकवून करा, सोलिअससाठी. दोन्ही पायांवर सहज पंचवीस होऊ लागले की एका पायावर या. तळव्यातल्या स्नायूंसाठी बसल्या बसल्या बोटं न मुडपता अंगठ्याखालचा उंचवटा टाचेकडे ओढून पाऊल आखूड करायचा प्रयत्न करा. पहिले काही दिवस काहीच हलणार नाही, मग अचानक जमेल. आणि हॅरिस-बीथ यांचं ऐकून टाचेची कंडरा ताणा : भिंतीला टेकून एक पाय मागे, टाच जमिनीवर, पाऊल सरळ, अर्धा मिनिट. पाऊल बाहेर वळू दिलं तर ताण पोटरीऐवजी कमानीवर जातो. सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा भिंतीसमोर उभं राहून मोजा. त्याआधी मोजून निराश होऊ नका.

हे सगळं ड्युटी संपल्यावर करू नका. दमलेल्या स्नायूला तेव्हा पाय उंचावर ठेवून पडणंच हवं असतं.

आणखी एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे. पोटरीचा दम वाढवणं तुमच्या हातात असलं तरी तिला विसावा देणं रुग्णालयाच्या हातात आहे. उभ्यानं काम करणाऱ्या कामगारांना मधून बसता यावं म्हणून सोय करा, असं १९४८च्या कारखाना अधिनियमाचं ४४वं कलम सांगत असे. दुकानांत उभ्या राहणाऱ्या कामगारांसाठी केरळनं २०१८ मध्ये आणि तमिळनाडूनं २०२१ मध्ये बसण्याची सोय कायद्यानं सक्तीची केली. औषधं भरताना, नोंदी करताना, सलाईन संपायची वाट बघताना सिस्टरला टेकायला एक उंच स्टूल आणि मावशींना बसायला एक बाक एवढं प्रत्येक वॉर्डात असायला हवं. बसलेली परिचारिका म्हणजे कामचुकार परिचारिका, ही नजर बदलायला हवी. तुमच्या इन्चार्जना हा परिच्छेद दाखवलात तरी चालेल.

प्रश्न : माझी आई पुण्यात एका रुग्णालयात मावशी म्हणून काम करते. तिचे तळवे सपाट आहेत, दिवसभर रबरी चपला असतात, पोटऱ्या दुखतात. एके ठिकाणी पावलाचा संगणकी नकाशा काढून काही हजारांचे इनसोल करून घ्या म्हणाले. घ्यावेत का?

उत्तर : आधी चपला बदला. मागे पट्टा नसलेली सैल चप्पल पायात टिकवायला बोटं दर पावलाला आवळावी लागतात. तळव्याचे आणि नडगीचे स्नायू त्यातच दमतात. ओल्या फरशीवर फिनेल मारताना ती घसरतेही. आईसाठी मागून टाच घट्ट धरणारा बूट किंवा मागे पट्टा असलेली सँडल बघा. दुकानात दोन्ही हातांत धरून वाकवा : बोटांपाशी वाकली पाहिजे, मधोमध नाही. पिळून बघा, फडक्यासारखी पिळली गेली तर परत ठेवा. आणि खरेदीला संध्याकाळी जा, तेव्हा पाय सुजून खऱ्या मापाला आलेले असतात.

एवढ्यानं भागलं नाही तर तयार मिळणारे, कमानीला आधार देणारे साधे इनसोल महिना-दोन महिने वापरून पाहा. टाचदुखीच्या १३५ रुग्णांवर ऑस्ट्रेलियात झालेल्या आणि २००६ मध्ये छापलेल्या चाचणीत तयार इनसोल आणि मापानं बनवलेले महागडे इनसोल यांचा गुण सारखाच आला होता. इनसोलनं काम हलकं होतं, स्नायू बळकट होत नाही. टाचा उचलण्याचा व्यायाम आईला तरीही करावा लागेल. आईचा पगार आणि ते काही हजार यांचा मेळ घालून तुम्ही विचारलंत हे बरं केलंत.

प्रश्न : मी नाशिकला परिचारिका आहे. माझी चार वर्षांची मुलगीही सपाट तळव्याची आहे. तिनं माझ्यासारखं दुखणं काढू नये म्हणून आत्तापासून खास बूट घालावेत का?

उत्तर : नको. लहान मुलांचे तळवे सपाटच असतात. कमान पहिल्या दहाएक वर्षांत हळूहळू उभी राहते. डेनिस वेंगर यांच्या १९८९च्या अभ्यासात मुलांना तीन वर्षं खास बूट आणि आधार देऊन पाहिलं. न दिलेल्या मुलांच्या तळव्यांपेक्षा वेगळं काही घडलं नाही. उलट मणिपालच्या कस्तुरबा मेडिकल कॉलेजमधल्या राव आणि जोसेफ यांनी २३०० मुलांच्या पायांचे ठसे घेतले (१९९२). बूट-चपला वापरणाऱ्यांत ८.६ टक्के तळवे सपाट निघाले, अनवाणी वाढणाऱ्यांत २.८ टक्के, आणि बंद बूट घालणाऱ्यांत प्रमाण सँडल-चपलांपेक्षा जास्त होतं. तेव्हा घरात, अंगणात, वाळूत अनवाणी खेळू द्या, चवड्यांवर चालायच्या शर्यती लावा. पाय दुखतो म्हणून ती खेळ सोडून बसू लागली, किंवा चवड्यांवर उभं राहूनही कमान उमटत नसेल, तर मात्र हाडांच्या डॉक्टरांकडे न्या.

प्रश्न : वय ५१, इन्चार्ज सिस्टर, मधुमेह आहे. माझे दोन्ही तळवे चांगले होते. गेल्या काही महिन्यांत डावाच सपाट झाला. आतल्या घोट्यामागे दुखतं, संध्याकाळी तिथे सूज असते. टाचा उचलायचा व्यायाम सुरू करू का?

उत्तर : आत्ता स्वतःहून नको, ताई. जन्मापासून दोन्ही तळवे सपाट असणं आणि पन्नाशीत एकच तळवा बसणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. तुम्ही लिहिलेल्या खुणा टिबिआलिस पोस्टेरिअरची कंडरा झिजण्याच्या किंवा फाटू लागण्याच्या आहेत. चाळिशी-पन्नाशीतल्या बायकांत, वजन जास्त असेल, मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर हे जास्त दिसतं. उभं राहून कोणाला तरी मागून बघायला सांगा : डाव्या पायाची बाहेरची बोटं उजव्यापेक्षा जास्त दिसतात का? डाव्या एका पायावर टाच उचलता येते का? एकदाच करून बघा, दुखलं तर थांबा.

या दुखण्याच्या पायऱ्या असतात. सुरुवातीला कंडरा फक्त सुजलेली असते आणि काही आठवडे ब्रेस किंवा बूट, कमानीला आधार आणि फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखालचा व्यायाम यांवर पुष्कळदा निभावतं. पाऊल कडक होऊन बसलं की शस्त्रक्रियेवाचून फारसं उरत नाही. म्हणून याच आठवड्यात अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा आणि एक्स-रे उभ्यानं, पायावर भार देऊन काढायला सांगा. झोपून काढलेल्या चित्रात बसलेली कमान लपते.

मधुमेहामुळे आणखी एक खबरदारी. पाऊल लाल आणि गरम झालं, सुजलं आणि त्या मानानं दुखत नसेल, तर ते शार्को फूट असू शकतं. त्यात संवेदना हरवलेल्या पावलातली हाडं भाराखाली मोडत जातात. तसं दिसलं तर त्या पायावर भार देणं तिथेच थांबवा, कुबडी किंवा व्हीलचेअर मागवा आणि त्याच दिवशी दाखवा. ड्युटी संपायची वाट बघू नका.